बुरशीसाहेबांचं जेवण

आमच्या साहेबांना 'माहीत नाही' असं लिहायचा भारी सोस. त्यापायी उपकेंद्राचा अहवाल नागपूरहून दोनदा परत आला, आणि तिसऱ्यांदा खुद्द मोठे साहेबच जीपमध्ये बसून आले. छापील तक्त्यात शेवटचा रकाना असायचा: मासे, बेडूक, जनावरं आणि माणसं यांना सुरक्षित आहे काय? हो किंवा नाही. आमचे साहेब दोन्ही शब्द पट्टी लावून खोडायचे आणि बाजूला वळणदार अक्षरात लिहायचे, 'माहीत नाही'.

"अहो, मग चार वर्षं केलंत काय?" मोठे साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले.

"हेच शोधलं, सर. आलो तेव्हा मला माहीत नाही, हेसुद्धा मला माहीत नव्हतं."

मी दारात चहाचा ट्रे धरून उभा. हसू आवरेना म्हणून तसाच मागं फिरलो. मोठे साहेब चहा न पिताच गेले, आणि तो अख्खा चहा आमच्या मजुरणींनी झाडाखाली बसून संपवला.

ही सत्तरचं दशक उतरणीला लागलं तेव्हाची हकीकत. पवनीपासून सायकलीनं तासाभराच्या वाटेवर ते भाताचं सरकारी उपकेंद्र होतं. तीन खोल्या, एक विहीर, आणि मागं मातीच्या धुऱ्यांनी अडवलेल्या धानाच्या दहा-बारा बांध्या, म्हणजे खाचरं. मी तिथं मदतनीस. मदतनीस म्हणजे बाटल्या धुणारा, विहिरीतून पाणी ओढणारा आणि साहेबांचं बोलणं खाणारा. तेही रोजंदारीवर. काम असलं तर दाम, नाहीतर रामराम.

धान पोटरीत आलं की आमच्याकडे तुडतुडे पडतात. तिळाएवढा तपकिरी किडा. बुंध्याशी बसून रस पितो, आणि आठ दिवसांत हिरव्यागार बांधीत जळाल्यासारखे गोल पडतात. फवारणीची औषधं मारून मारून हा किडा निबर झालेला. म्हणून त्याच्यावर एक हिरवी बुरशी सोडायची, असं साहेबांचं काम. बुरशी किड्याच्या कातडीवर रुजते, आत शिरते, त्याला आतून खाते. माणसाच्या अंगावर ती रुजत नाही, एवढी साहेबांची खात्री होती. पण किड्याला मारताना ती आपलं एक विष तयार करते. ते विष पुढं कुठं जातं, पाण्यात उतरतं की दाण्यात, किती दिवस टिकतं, इथं घोडं पेंड खात होतं. आज कृषी केंद्रात अशा बुरशीच्या पुड्या मिळतात, त्यावर सगळं छापलेलं असतं. तेव्हा छापायला कोणाजवळ काही नव्हतं.

बुरशी वाढवायची ती भातावर. रोज सकाळी मी मोठ्या पातेल्यात कणी अर्धकच्ची शिजवायचो, दवाखान्यातून आणलेल्या सलाइनच्या रिकाम्या बाटल्यांत भरायचो, कापसाचा बोळा लावून वाफेवर ठेवायचो. मग साहेब त्यात बुरशीचं बी सोडायचे. तिसऱ्या दिवशी भाताला पांढरी लव फुटायची. आठव्या दिवशी ती हिरवी व्हायची, तळ्यावरच्या शेवाळासारखी हिरवी. त्या खोलीला एकच झरोका होता. आत गेलं की दोनशे बाटल्या भिंतीला लागून उभ्या, आणि वास पावसात भिजलेल्या कोठीचा. साहेब आत गेले की कुजबुजत बोलत.

"हळू काहून बोलता जी?" मी एकदा विचारलं. "आयकते काय थे?"

"माहीत नाही," साहेब म्हणाले. "म्हणून हळू."

मजुरणींनी त्यांचं नाव ठेवलं बुरशीसाहेब. "काहून रे, तुमचा सायेब एवढा भात कोनासाठी रांधते?" म्हणून त्या मला छळायच्या. एक म्हणायची, घरी बायको नाही म्हणून भुतं जेवू घालते. साहेब खरंच एकटे होते. कोकणातले, उंच, वाळलेल्या तुऱ्हाटीसारखे. हात इतके धुवायचे की बोटांची सालं निघालेली. दुपारचा डबा कधी इमारतीत खाल्ला नाही. शंभर पावलं मोजून, वाऱ्याची दिशा बघून मोहाच्या झाडाखाली बसायचे, आणि वारा फिरला की अर्ध्या जेवणातून उठून झाडाच्या पलीकडे जायचे.

त्यांच्याजवळ काड्यापेट्यांची एक पेटी होती. प्रत्येक काडीपेटीत एक मेलेला किडा, वर गावाचं नाव. एके दिवशी पहाटे त्यांनी मला बांधीवर नेलं. दव पडलेलं होतं. धुऱ्याच्या गवतावर, प्रत्येक काडीच्या अगदी शेंड्याला एकेक नाकतोडा बसलेला होता. सगळ्यांची तोंडं वर, सगळ्यांनी काडीला घट्ट मिठी मारलेली. मी टाळी वाजवली. एकही उडाला नाही.

"मेलेत," साहेब म्हणाले. "ही आपल्या बाटलीतली नव्हे, तिची चुलतबहीण. मरायच्या आदल्या संध्याकाळी किडा वर वर चढत जातो. शेंड्यावर गेला की पाय आवळतो आणि मरतो. मग त्याच्या अंगातून बी फुटतं आणि उंचावरून खाली सगळ्यांवर पडतं."

"पन वर काहून चढते जी थो?"

"त्याला चढायचं नसतं रे. तिला चढायचं असतं."

मी त्यानंतर महिनाभर शिडी चढताना दचकत होतो.

आणि त्यांची ती हजेरी! उपकेंद्रात मजुरांचं मस्टर होतं, तसं साहेबांनी बांध्यांचं एक मस्टर केलेलं. उभ्या रकान्यात बेडूक, रातकिडा, पाणकोंबडी, टिटवी, डास. आडव्या रकान्यात तारखा. दिवस मावळता साहेब धुऱ्यावर मांडी घालून बसत आणि एकेकाचं नाव पुकारत. "बेडूक." आम्ही कान देऊन बसायचो. आवाज आला की मी लिहायचो, हजर. "रातकिडा." हजर. "टिटवी." टिटवी बहुतेक उशिरा यायची, तर तिची अर्ध्या दिवसाची रजा मांडायची. शेजारच्या बांधीतला आवाज आपल्या बांधीत लिहायचा नाही, हा नियम. मोठ्या साहेबांनी ते मस्टर बघून कपाळाला हात लावला. पण आमचे साहेब म्हणायचे, "मारणं सोपं आहे. मारल्यानंतर मागं कोण उरलं, ते मोजायला कोणी बसत नाही."

बुरशी ते गुळाच्या पाण्यातही वाढवायचे. मग ते पाणी बारीक गाळणीतून गाळायचं, आटवायचं. बुरशी सगळी वर राहायची, खाली उतरायचं चहाच्या रंगाचं पाणी. "यात बुरशी नाही," साहेब सांगायचे. "तिनं मागं ठेवलेलं आहे." हाच तो अर्क. काळ्या बाटल्यांत भरून कपाटात ठेवलेला, आणि कपाटाची किल्ली माझ्या करदोट्याला. साहेबांनी ती स्वतः मला दिली होती. त्या अर्काचे थेंब काचेच्या बरणीत टाकले की डासांच्या अळ्या तासाभरात खाली बसत. बारीक मासोळ्या एका कुशीवर पोहत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सरळ होत.

"झाली ना सरळ, सर," मी म्हणायचो. "लिवा, सुरक्षित."

"सरळ झाली म्हणजे बरी झाली का?" असं म्हणून साहेब त्या मासोळीकडे टक लावून बघत बसायचे, आणि मासोळी त्यांच्याकडे.

आता माझं पाप सांगतो. ते सांगितल्याशिवाय साहेब कळायचे नाहीत.

आमची वडिलांच्या मागं राहिलेली पाऊण एकर जमीन होती, तीन बांध्या. घरी मी आणि आई. त्या वर्षी कोजागिरीच्या सुमारास तुडतुडे असे पडले की दोन बांध्या डोळ्यांदेखत करपल्या. तिसरी तेवढी उभी होती, आणि तिच्यातही दोन गोल दिसायला लागले होते. आई दिवसभर धुऱ्यावर बसून राहायची. बोलायची नाही. ती बोलत नाही म्हटलं की माझं डोकं फिरायचं.

मी साहेबांकडे गेलो. "सर, आमच्या बांधीत टाकू ना आपली बुरशी."

"नाही."

"किडा थोच, बुरशी थेच. मंग अडते कुठं?"

"भात कोण खाणार आहे?"

"आमीच."

"म्हणून नाही."

असा संताप आला, काय सांगू! चार वर्षं या माणसाच्या बाटल्या धुतल्या. त्याच्या टिटवीची रजा मांडली. आणि माझ्या दारात आग लागली तेव्हा याला रकाने सुचतात! मी मनातल्या मनात त्यांना नाही नाही ते बोललो. रविवारी साहेब भंडाऱ्याला गेले. मी भरदुपारी कपाट उघडलं. बुरशीला मारायला आठ दिवस लागतात, तेवढा वेळ माझ्याजवळ नव्हता. म्हणून अर्क घेतला. तीन काळ्या बाटल्या. पंपात ओतल्या, वर बांधीतलंच पाणी घातलं, आणि सगळी बांधी फवारून काढली. थोडा आंबूस वास आला, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी पाण्यावर मेलेल्या तुडतुड्यांचा थर होता. आईनं पदर तोंडाशी धरला.

"कोनतं औषद होय बापा हे?"

"सायबाचं."

"सायबानं देल्लं?"

"हो," मी म्हणालो. झालं, खोटं बोलून मोकळा झालो.

पण आईच ती. कोणी उपकार केला आणि आपण तोंडानं बोललो नाही, हे तिला जमायचं नाही. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी ती टोपलीभर उकडलेले शिंगाडे घेऊन उपकेंद्रात हजर. साहेबांसमोर टोपली ठेवली आणि म्हणाली, "तुमच्या औषदानं धान वाचलं, सायेब. देव मानत नाई आमी, पन तुमाले मानतो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी मस्टर उचललं, मला दिलं आणि चालू लागले. आई मागून विचारते आहे, "काय झालं जी?" आणि साहेब पुढं, मी मागं.

आमच्या धुऱ्यावर पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. साहेब मांडी घालून बसले.

"बेडूक."

आम्ही थांबलो. शेजारच्या बांधीत बेडूक ओरडत होते. त्याच्या पलीकडेही ओरडत होते. ते सगळे आवाज आमच्या धुऱ्यापर्यंत येत होते आणि तिथं थांबत होते. आमच्या बांधीत नुसतं धान उभं होतं, आणि खाली पाणी.

"लिही."

मी लिहिलं, गैरहजर.

"रातकिडा."

काही नाही. वारा होता, पण मला तर धानाची पात हललेलीही ऐकू येईना. मला वाटलं, माझ्याच कानांना काही झालं. मी कान चोळले.

"डास," साहेब म्हणाले. उघड्या पायांनी आम्ही ऑक्टोबरच्या संध्याकाळी पाण्याच्या काठी बसलो होतो, आणि एक डास चावला नव्हता. साहेब अगदी शांतपणे एकेक नाव पुकारत गेले, मी गैरहजर गैरहजर लिहीत गेलो. शेवटी रकाना संपला.

"कुठली बाटली?" त्यांनी विचारलं.

"काळी."

"किती?"

"तीन."

त्यांनी हात पाण्यात घातला, बाहेर काढला, आणि कितीतरी वेळ तो तसाच हवेत धरून बसले.

आमच्या बांधीचं पाणी खालच्या बोडीत उतरायचं. बोडी म्हणजे लहानसं तळं. त्यातली मासेमारी एका ढिवराच्या ताब्यात होती. सकाळी त्याच्या काही बारीक मासोळ्या वर आल्या. "ऊन लागलं असन," तो म्हणाला. "असेल," साहेब म्हणाले, आणि धोतर खोचून बोडीत उतरले. दोन दिवस ते कंबरभर पाण्यात उभे होते, आणि त्या बिचाऱ्या माणसाला हात जोडून सांगत होते की आठ दिवस मासोळी धरू नका, विकू नका. तिसऱ्या दिवशी त्यानंच साहेबांना हाताला धरून बाहेर काढलं आणि म्हणाला, "निंगा जी आता. तुमीच मराल. नाई धरत मी." आमच्या बांधीत मात्र पंधरवड्यानं एक बेडूक ओरडला. साहेबांनी त्याच्या नावापुढं दोनदा हजर लिहायला लावलं.

मला वाटलं, आपलं काम गेलं. उपकेंद्राच्या नोंदवहीत साहेबांनी एवढंच लिहिलं: 'अर्काच्या तीन बाटल्या शेतात वापरल्या गेल्या. किल्ली मी दिली होती. चूक माझी.' मी पाया पडायला वाकलो तर पाय मागं घेतले. "तू मला उपयोगाचा आहेस," म्हणाले. "असा प्रयोग मला कोणी करू दिला नसता. पण तो भात कोणी खायचा नाही. विकायचाही नाही."

"किती दिस?"

"माहीत नाही."

हे मी आईला कसं सांगणार? पण सांगितलं. चोरीसकट सगळं सांगितलं. आईनं मला मारलं नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून बसली. धान कापलं, मळलं, गिरणीत हालरवर सडून आणलं. एक पोतं तांदूळ झाला. सुगी संपली की उपकेंद्रात रोजंदारी बंद, मग उन्हाळ्यापर्यंत घर चालायचं ते त्या पोत्यावर आणि रेशनच्या चार दाण्यांवर. आई म्हणाली, "जाळू कसं रे? अन्न हाय थे." आणि पोतं घराच्या मधोमध उभं राहिलं. येताजाता त्याच्याकडे बघायचं आणि बाजूनं जायचं, जसं काही घरात कोणी अनोळखी माणूस येऊन बसलं आहे.

त्या तांदळानं कोणी मेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच भलतंच मनात धरून बसाल. साहेबांची पुढच्या पावसाळ्यात बदली झाली, बुरशीचं काम बंद पडलं. पण कोणी मेलं नाही एवढ्यानं गोष्ट संपत नाही, हे मला त्याच माणसानं शिकवलं.

दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या. सगळीकडे दंडारी, तमाशे, जिलेबीचा वास. अशा दिवसांत एका संध्याकाळी साहेब आमच्या दारात आले. हातात एक वही आणि एक वाटी.

"आई," ते आईला म्हणाले, "हा भात आधी मी खातो. एक महिना. रोज संध्याकाळी तुमच्या घरी येईन. तुमचीच चूल, तुमच्या विहिरीचं पाणी, आणि भाताचा मांड ओतून काढायचा नाही. जे असेल ते सगळं माझ्या पोटात गेलं पाहिजे."

"कोंबडीले घालून पाहा ना जी," मी म्हणालो.

"घातला. काही झालं नाही. पण कोंबडीला विचारता येत नाही, तुला कसं वाटतंय म्हणून. मला विचारता येतं."

आई उंबऱ्यात उभी होती. छपन्न साली माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली, घरातले देव वैनगंगेत सोडले, त्याला वीसहून जास्त वर्षं झाली होती. तरी आमच्या घरी येऊन, पाटावर बसून जेवणारा असा कोणी साहेब तोवर आला नव्हता. गावात कुजबुज झालीच. साहेबाले त्यायच्या घरी काय भेटते बापा? कोणी म्हणालं करणी केली. साहेबांना यातलं काही ऐकूच गेलं नाही, किंवा गेलं असेल तर त्याचा रकाना त्यांच्याकडे नव्हता.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी अख्खं पोतं आपल्या वाटीनं मोजून आकडा वहीत टिपला. मग ते रोज यायचे. आपल्या वाटीनं एक वाटी तांदूळ मोजून द्यायचे. आई शिजवायची, वाढायची. साहेबांना आणि मला. मला रेशनचा, वेगळा शिजवलेला. आई म्हणायची, मी मागाहून जेवीन. बायका मागाहूनच जेवतात, त्यात मला काय नवल वाटणार? साहेब एकेक घास चावून चावून खायचे आणि मग तासभर भिंतीला टेकून, पोटावर पंजा ठेवून, डोळे मिटून बसायचे. मग वहीत लिहायचे. नखं. जीभ. लघवीचा रंग. स्वप्नं. मला तर त्यांच्यासमोर घास गिळवत नव्हता.

पंधराव्या-सोळाव्या दिवशीची गोष्ट. जेवण झालं, साहेब डोळे मिटून बसले होते. एकाएकी उठले. आमच्या माळ्यावर जायला एक शिडी होती. साहेब ती चढू लागले. एकेक पायरी, हळूहळू. शेवटच्या पायरीवर पोचले, शिडी दोन्ही हातांनी कवटाळली आणि तोंड आढ्याकडे करून थांबले. हलेनात. मी हाक मारली. ओ नाही. चिमणीच्या उजेडात त्यांचे सोललेले हात तेवढे दिसत होते, घट्ट आवळलेले. मला धुऱ्यावरचे नाकतोडे आठवले. आई तांब्या हातात घेऊन खाली उभी, तिच्या ओठांचा रंग उडालेला.

"सायेब," आई म्हणाली, "खाली या जी. लेकराले भेव वाटते."

मग साहेब उतरले. कपाळावर घाम होता. "घाबरू नका," ते म्हणाले. "चढावंसं वाटलं. म्हणून चढून बघितलं, की चढायचं कोणाला आहे."

"मंग कोनाले होतं?" मी विचारलं.

"मलाच होतं, बहुतेक," साहेब म्हणाले, आणि वही उघडून त्यातला 'बहुतेक' तेवढा दोनदा अधोरेखित केला.

त्याच आठवड्यात आईला ताप आला. दोन दिवस होता. थंडी पडली होती, मी काढा करून दिला. साहेबांना तिनं सांगू दिलं नाही. "उगाच कायले," म्हणाली.

महिना भरला. शेवटच्या दिवशी साहेब जरा खुशीत होते. वजन दोन शेर वाढलं होतं त्यांचं, आईच्या हातचं खाऊन. आई आत भात शिजवत होती. साहेब म्हणाले, पोत्यात किती उरलं ते मोजून घेऊ, म्हणजे नोंद पुरी होईल. मी पोतं ओतलं. आम्ही दोघांनी त्यांच्या वाटीनं सगळा तांदूळ मोजला. साहेबांनी आकडेमोड केली. पुन्हा केली. मग त्यांचा चेहरा असा झाला की मी तो आधी पाहिला नव्हता, धुऱ्यावरही नाही.

"मी तीस वाट्या मोजून दिल्या," ते म्हणाले. "यातून साठ गेल्यात."

"उंदरं, सर..."

"उंदीर रोज एक वाटी मोजून नेत नाहीत. विकलास?" ते माझ्यावर ओरडले. चार वर्षांत पहिल्यांदा ओरडले. "कोणाला विकलास? कोणाच्या घरात गेला तो? बोल!"

"आईची आन, सर, मी हात नाई लावला!"

"त्यानं नाई विकला," आई आतून म्हणाली. ती बाहेर आली, हातात भाताची हंडी. ती आमच्या मधे खाली ठेवली. "मी खाल्ला. तुमी गेल्यावर. तुमी जेवढा खाल्ला तेवढाच."

साहेबांनी हंडीत वाकून पाहिलं.

"का?" ते म्हणाले. "आई, का? मी कशासाठी खात होतो मग? तुम्हाला खावा लागू नये म्हणून ना?"

आई खाली बसली. "सायेब, मी लहान होती तवा माही माय मोठ्या लोकायच्या घरी कामाले जाये. येतानी थे लोकं तिच्या पदरात भात टाकत. जो त्यायच्या घरचं कोनी खात नव्हतं, थो. माय आमाले वाढे, अना आमी खावो. मी तवाच ठरवलं होतं, का माह्या हातानं कोनाच्या ताटात असं काई पडनार नाई, जे मी सोता खात नाई. तुमी आमच्या घरी आले. पाटावर बसले, आमचं पानी पेलं. तुमाले इखाचा भात वाढून मी आपला बेगळा शिजवू कशी जी?"

"मला सांगायचं होतंत."

"सांगतलं असतं त तुमी जेवले असते काय?"

"आणि काही झालं असतं तर? काही झालं का तुम्हाला? कधी काही झालं?"

"ताप आलता दोन दिस," मी म्हणालो. माझंच तोंड, राहवलं नाही.

"थंडीचा होता थो," आई म्हणाली.

पण साहेबांनी वही खाली ठेवली. पेन गडगडत पोत्याजवळ गेलं. तो उंच, वाळका माणूस आमच्या घरात, सांडलेल्या तांदळासमोर बसून लहान मुलासारखा रडला. मला फार वाईट वाटलं, आणि फार लाज वाटली. चार वर्षं त्यांनी त्या रकान्यात हो लिहिलं नव्हतं, कारण त्यांना असं एकही माणूस त्या विषापुढं बसवायचं नव्हतं. आणि महिनाभर त्यांच्या जेवणामागोमाग रोज एक माणूस बसत होतं.

"उद्या हे सगळं पुरून टाकू," ते शेवटी म्हणाले.

"काहून?" आई म्हणाली. "आमी दोघं जिते हाओत ना. उरला थो मी खाईन. एकटी खाईन. तुमी वयी लिवा."

"एकट्या कशा खाल? मी येईन," साहेब म्हणाले.

"मंग या."

असं त्यांचं ठरून गेलं. मला कोणी विचारलंच नाही. बांधी माझी, बाटल्या मी चोरलेल्या, पंप माझ्या पाठीवर होता, आणि ही दोघं माझ्या डोळ्यांदेखत ते पोतं आपसात वाटून घेत होती. मला ते सहन होईना. मी ताटली ओढली आणि त्या हंडीत हात घातला.

दोघांनीही एकदम माझा हात धरला. आईनं मनगटाला, साहेबांनी कोपराला.

"तू नाई," आई म्हणाली.

मी हिसका दिला. साहेबांची पकड आईपेक्षाही घट्ट होती. माझ्या बोटांना चिकटलेली शितंसुद्धा आईनं पदरानं पुसून काढली.

ते पोतं त्या दोघांनी अखाजीपर्यंत, म्हणजे पार अक्षय्य तृतीयेपर्यंत, मिळून संपवलं. मी रोज त्यांच्यासमोर बसून रेशनचा भात गिळला.